डावं दार

महाराणी रोडवरच्या अझहरभाईंनी खोकं उघडून दाखवलं:
सव्वापाच इंची, जोडी, निळ्या कागदात.
“सत्त्याण्णवची झेन?
दीदी, गाडीपेक्षा स्पीकर महाग पडतील.”
म्हटलं, पडू देत.

रविवारी परदेशीपुऱ्यात, गल्लीतच,
कुशवाहांच्या भिंतीच्या सावलीत गाडी लावली
आणि डाव्या दारापुढे पोतं अंथरून बसले.
दादांनी ओट्यावरून खुर्ची सरकवली.
त्यांना अशी कामं बघायला आवडतात,
न विचारता सांगायलाही.

काचेचं हँडल निघेना.
स्क्रू नाही, खाच नाही, नुसता हट्ट.
दादा आत गेले, मांजरपाटाची पट्टी घेऊन आले.
“मागून घाल. बूट चमकवतात तशी ओढ.”
तिसऱ्या ओढीला नखाएवढी क्लिप
टण्णकन उडाली ती थेट मोरीच्या जाळीपाशी.
“कापडाला कमी समजू नये,” म्हणाले.
सत्तावीस वर्षं कापड काढलेला माणूस.

पत्रा उघडा पडला.
दाराच्या पोटात हात घातला:
कोपरापर्यंत ग्रीस, गंजाचा भुगा,
कधीतरी फुटलेल्या काचेचे साबुदाण्याएवढे दाणे,
कुणा पोरीचा पिवळा चाप
आणि किलवर सत्ती.
म्हणजे आधीच्या मालकाच्या घरी
इतकी वर्षं एक्कावन्न पानांत खेळतायत
आणि एकमेकांवर संशय घेतायत.

लोहचुंबक काचेला अडत होतं.
नर्मदाप्रसाद मिस्त्रीने प्लायची दोन कडी कापून दिली,
चहा प्यायला, पैसे घेतले नाहीत.
बिजागरीजवळच्या रबरी नळीतून तार जाईना
तेव्हा सायकलचा आरा घातला,
त्याच सायकलचा, जिच्यावरून दादा रात्रपाळीला जायचे
आणि पहाटे येऊन
आईशी ओरडून बोलायचे, भांडण नसताना.
आम्हाला तो राग वाटायचा.
तीनशे मागांच्या खात्यातून आलेल्या माणसाला
आपलं बोलणं कुठवर पोचतंय ते कळत नाही,
हे मला पुष्कळ उशिरा कळलं.
डावा कान आधी गेला.
मग मिल गेली.

उजवं दार जेवणानंतर, घाईत.
रेडिओ लावला. आवाज होता, पण पोकळ.
दोघे एकच वाक्य बोलतायत
आणि एकमेकांचं खोडून काढतायत.
ढोलकी होती आणि नव्हती.
मी पुस्तिका उलटीपालटी करत बसले.

दादा म्हणाले, “शेल आहे का? घड्याळातला चालेल.”
तारेची टोकं शेलला टेकवली.
डाव्या पडद्यावर त्यांनी दोन बोटं ठेवली.
“बाहेर.”
उठून पलीकडे गेले. उजव्यावर ठेवली.
“आत. हा उलटा लागलाय.”
मी बघतच राहिले तर म्हणाले,
“माग कोण कानांनी चालवतं?
लाकडावर हात ठेवायचा.”

संध्याकाळी भंडारी पुलावरून निघालो.
दादा शेजारी,
गेलेला कान नव्या स्पीकरकडे.
मी आवाज उजवीकडे वळवला.
त्यांनी रस्त्याकडे बघत तो परत मध्ये आणला
आणि तळवा दाराला लावला.
सोयाबीनचे भाव सांगत होते.
“चालतंय,” म्हणाले,
कुणाला, ते कळलं नाही.

चाळिसाच्या वर गेलं की दार खडखडतं.
दोन क्लिपा मोडल्या माझ्या हातून.
“उद्या काढते ती खडखड.”
“राहू दे. तेवढी ऐकू येते.”

क्लिपा अजून ॲशट्रेत आहेत,
सत्तीच्या खाली.